करंजीच्या घाटात दोन बाटल्या

घाटात चाकामागे दगड लागला तर गाडी दत्तोपंतांची. न लागला तर मनकर्णेची. आप्पासाहेबांनी हा शब्द मढीला नाथांच्या देवळाच्या पायरीवर दिला आणि त्यांच्या बहिणीने, मनकर्णेने, तो तिथेच मान्य केला. त्याला सोमवारी, २८ जानेवारीला, आठ दिवस झाले. दत्तोपंत नगरचे ट्रान्सपोर्टवाले. ते त्या दिवशी साडेचार वाजता घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीवर येऊन थांबणार होते. गाडीत पंच्याहत्तर पोती तूर भरायची, तिसगावहून निघायचं आणि करंजीचा घाट एका दमात चढून त्यांच्यासमोर उभं राहायचं, एवढीच परीक्षा होती.

दगडाचा नियम घाटाचाच होता. भरलेली जुनी गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढते. क्लीनर हातात दगड घेऊन मागच्या चाकाबरोबर चालत राहतो. गाडी दमून मागे सरकू लागली की दगड चाकामागे. तिसगाव-पाथर्डीच्या गाडीवाल्यांत एखाद्या गाडीला दगड लागू लागला म्हणजे ती विकायला झाली, असं समजत. मनकर्णेच्या गाडीला दिवाळीपासून तीनदा दगड लागला होता.

गाडी म्हणजे बासष्ट सालचा ट्रक. तिचा मालक आसाराम, मनकर्णेचा नवरा, चार वर्षांपूर्वी काविळीने गेला. दिरांनी जमीन ठेवून घेतली आणि तिला गाडी दिली. त्याच गाडीत बसून ती माहेरी आली. गाडीच्या पुस्तकावर आप्पासाहेबांचं नाव चढलं, कारण आर.टी.ओ.त बाईमाणसाने खेटे कशाला घालायचे, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. धाकटा भाऊ गोरक्ष गाडी चालवत होता. गाडी गेली तर तो औतामागे जाणार होता आणि मनकर्णा भावाच्या घरात भाकरी थापणारी बहीण म्हणून उरणार होती.

सकाळी दहाला अंगणात पोती चढत होती. आप्पासाहेबांचा मेव्हणा सूर्यभान, नगरजवळ नागापूरच्या एका वर्कशॉपात फिटर, पहिल्या एस.टी.ने मुद्दाम आला होता. त्याची दुसरी पाळी होती, बाराच्या एस.टी.ने त्याला परत जायचं होतं. इंजिनाखालून तो बाहेर आला तेव्हा गोरक्षने त्याच्यासमोर निळ्या कागदाची बाटली धरली.

"काय हाय ह्ये?"

"इंजिनामृत. गेल्या बाजारी पुण्याचा एजंट दोन बाटल्या देऊन गेला. एका टाकीला एक. धूर कमी, ताकद ज्यादा, आतली काजळी साफ. शेवगावच्या गाड्या ह्याच्यावरच पळत्यात."

सूर्यभानने बूच काढून वास घेतला. "शेवगावच्या गाड्या नव्या हायेत, गोरक्षराव. त्या ताकावरबी पळतील."

"तुमाला वर्कशॉपात नव्या गोष्टी कळत न्हाईत व्हय?"

"कळत्यात. म्हनून सांगतो." सूर्यभान उकिडवा बसला आणि टाकीवर बोटाने वाजवलं. वरती टणटण वाजलं, तळाशी बद्द. "ऐकलं? बारा वर्षांचा गाळ हाय खाली. त्यात अरबांनी तेल आवळल्यापासून तुमी गावोगावच्या ड्रममधलं मिळंल ते डिझेल घालताय. ही बाटली काजळी साफ करती म्हनता ना? मग ती गाळबी सोडवंल. आन सुटलेला गाळ कुठं जाईल?"

"कुठं जाईल?"

"फिल्टरात. तिथं अडकला की इंजिनाला डिझेल बंद."

आप्पासाहेब बाजेवर बसून पोती मोजत होते. त्यांनी मान वळवली. "सूर्यभान, सरळ सांग. घालायची का न्हाई?"

"टाकी उतरवून धुतली तर खुशाल घाला, दाजी."

"धुतली तर चढंल का?"

"धुतली तर बाटलीबिगरबी चढंल."

"मग बाटली कशाला?"

"त्येच म्हनतोय मी कवापासनं."

हमालसुद्धा हसले. गोरक्ष हसला नाही. टाकी धुवायला एक दिवस लागणार होता आणि दत्तोपंत आजच येणार होते.

"माझ्या मामाच्या जीपमधी डांबरगोळ्या टाकायचे," आप्पासाहेबांची बायको बनुबाई दारातून म्हणाली. "वाऱ्यागत पळायची."

"वैनी, ट्रंकंतल्या लुगड्यात ठिवतात त्या?" गोरक्षने विचारलं.

"त्याच."

"बाई, जीप पेट्रोलवर चालती," सूर्यभान म्हणाला.

"तेल त्ये तेल. तू नागापुरात राहून लई शाना झालास."

आता सगळ्यांनी मनकर्णेकडे पाहिलं. ती टायरांना पाणी मारत होती. तिने बादली खाली ठेवली.

"न्हाई घालायची. ह्यांनी आठ वर्सं चालवली. धोतरातून गाळून डिझेल घालायचे, दुसरा थेंब न्हाई. चढली तर अशीच चढंल."

"मालकीन न्हाई म्हनती, म्हंजे न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. 'मालकीन' या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला, तो तिने ऐकला.

बाटली गोरक्षने परत घेतली.

*

दीडच्या सुमाराला बाकीचे जेवत होते. ड्रायव्हर म्हणून गोरक्षला आधी वाढलं होतं. तो बाहेर आला, गाडीला एक फेरी मारली आणि टाकीपाशी थांबला.

सूर्यभान बोलला ते त्याला पटलं होतं. अडचण तीच होती. पटलेल्या गोष्टीप्रमाणे गाडी घाट चढणार नव्हती, कारण न धुतलेल्या टाकीच्या गाडीला दिवाळीपासून तीनदा दगड लागला होता आणि आज भार अठरा पोत्यांनी जास्त होता. टाकी न धुता, बाटली न घालता ती चढेल असं सूर्यभानही म्हणाला नव्हता. मग घालून काय बिघडणार होतं? अक्काला गाडी मिळाल्यावर सांगता येईल. तेव्हा ती चार शिव्या देईल आणि हसेल.

त्याने टाकीचं झाकण उघडलं, बाटली उपडी केली आणि ती शेवटपर्यंत रिकामी होऊ दिली.

पावणेदोनला मनकर्णा उष्टी काढत होती. आतल्या खोलीत बनुबाई नवऱ्याशी बोलत होती. भिंत पातळ होती.

"गाडीची जागा मोकळी झाली की तिथं म्हशींचं छप्पर घालू. मी पावलानं मोजलीया. सात म्हशी बसतील."

"बघू."

"बघू काय? वन्संच्या हाताला काम हुईल. शेण-गवतात मन रमतं मान्साचं."

मनकर्णेने ताटं मोरीत ठेवली. फडताळात दुसरी बाटली होती, तिच्यावरचा निळा कागद तसाच होता. ती बाटली पदराखाली घेऊन ती बाहेर आली. म्हातारदेव क्लीनर पोत्यांवर ताडपत्री बांधत होता. त्याची पाठ इकडे होती. सगळ्यांदेखत आपण नाही म्हणालो, हे तिला टाकीचं झाकण फिरवताना पूर्ण आठवत होतं. तरी हात थांबला नाही. तासाभरात गाडी निघणार होती आणि सात म्हशींचं छप्पर तिला डोळ्यांसमोर दिसत होतं.

*

गाडी पावणेतीनला निघाली. गोरक्ष स्टेअरिंगवर, त्याच्या शेजारी मनकर्णा, मग बनुबाई आणि दाराशी आप्पासाहेब. बनुबाईला नगरला सावेडीत लेकीकडे जायचं होतं. तिच्या मांडीवर बाजरीच्या पिठाचा डबा होता. साठीला टेकलेला म्हातारदेव वर पोत्यांवर.

देवराईच्या पुढे गोरक्षने पाय दाबला आणि गाडीने ओढ घेतली. आवाज मोकळा झाला होता. त्याने आरशातून मागे पाहिलं.

"दादा, धूर बघा."

आप्पासाहेबांनी मान बाहेर काढली. एरवी मागचं सगळं काळं करणारी गाडी आज फिकट धूर सोडत होती. "टायरांना पानी मारल्यानं धूर कमी व्हतो का मने?"

"आज गार हाय हवा," मनकर्णा म्हणाली.

"हवा गारच हाय," गोरक्ष म्हणाला.

दोघंही समोर बघत होते. तिला वाटत होतं, आपण घातलेली बाटली चालली. त्याला वाटत होतं, आपली. आनंद दोघांच्या चेहऱ्यावर एकसारखाच होता आणि कारण दोघांनीही दुसऱ्यापासून लपवलं होतं.

करंजी मागे पडली. घाट लागला तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. पायथ्याला गाडीला पाणी पाजलं, इंजिन निवू दिलं. टायर तपासले, ताडपत्रीचे दोर पुन्हा आवळले. पावणेचारला गोरक्षने पहिला गिअर टाकला. म्हातारदेव खाली उतरला, दगड उचलला आणि चाकाबरोबर चालू लागला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. दुसऱ्यावर दिवाळीत दगड लागला होता.

"गेलं," बनुबाई म्हणाली. तिचा हात मनकर्णेच्या मनगटावर कधी गेला ते दोघींनाही कळलं नाही.

"वैनी, बोलू नका, गाडी ऐकती," गोरक्ष म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

तिसऱ्या वळणावर म्हातारदेवला पळावं लागलं. "अवो, हळू घ्या," तो खालून ओरडला, "माझ्याच पायामागं दगड लावायची पाळी येईल." गाडीत सगळे हसले. आप्पासाहेबही.

आप्पासाहेबांना त्या क्षणी गाडी चढावी असं वाटलं, आणि त्याचं त्यांनाच नवल वाटलं. गाडी विकायचं त्यांनी कधी कुणाला नीट कारण सांगितलं नव्हतं. मार्गशीर्षात याच घाटात एक कापसाची गाडी मागे सरकत कठड्यावरून गेली, तेव्हा मदतीला धावलेल्यांत ते होते. ड्रायव्हरला त्यांनी स्वतः उचललं होतं. तो गोरक्षच्याच वयाचा होता. त्यानंतर गोरक्ष घाटात असला की ते ओसरीवर उभे राहत, बसत नसत. हे बोलून दाखवायचं तर भीती कबूल करावी लागली असती. म्हणून त्यांनी दगडाची अट घातली होती.

चौथं वळण गेलं.

पाचव्या वळणाच्या अलीकडे इंजिन एकदा दचकलं. गोरक्षने पाय दाबला. पुन्हा दचकलं. आवाज पातळ होत गेला, जसा घशाला कोरड पडलेल्या माणसाचा होतो. मग बंद झाला.

गाडी वीतभर मागे गेली. ब्रेक धरला. मागून दगड चाकाला घासल्याचा आवाज आला आणि गाडी थांबली.

घाटात खालून एक एस.टी. हॉर्न देत येत होती.

"दगड लागला," आप्पासाहेब म्हणाले. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता.

गोरक्षने स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. "अक्का, माझी चूक हाय. मी बाटली घातली."

"कवा?"

"दीडला. तुमी जेवत हुता तवा."

मनकर्णेने डोळे मिटले. "मी पावणेदोनला घातली."

"काय घातलं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"दुसरी बाटली."

"तूच न्हाई म्हनालीस ना सगळ्यांपुढं?"

"व्हय. मीच."

"आन मग?"

"मग घातली. काय सांगू आनखी?"

बनुबाईने पिठाचा डबा मांडीवरून उचलून पायाशी ठेवला. "एका टाकीला," तिने विचारलं, "गोळ्या किती चालत्यात?"

तिघांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"वैनी, न्हाई म्हना," गोरक्ष म्हणाला.

"चारच टाकल्या. म्हातारदेव जेवाय बसला तवा."

"अगं, तुला तर तिथं म्हशी बांधायच्या हुत्या," आप्पासाहेब म्हणाले.

"म्हशी परसातबी बसतील." तिने मनकर्णेकडे पाहिलं नाही. "वन्सं जेवल्या न्हाईत दुपारी. नुसती ताटं उचलत हुत्या. मला वाटलं, चढावी बया एकदाची."

मनकर्णेला हसू आलं आणि रडूही. दोन्हींना वेळ नव्हता. एस.टी. मागे येऊन थांबली होती आणि तिचा ड्रायव्हर खिडकीतून गाडीवाल्यांच्या चार पिढ्यांची चौकशी करत होता.

"गोरक्ष, सीटखालची पेटी दे," ती म्हणाली. "म्हातारदेव, दुसरा दगड पुढच्या चाकाला लावा. सूर्यभाननं सांगितलं तेच झालंय. फिल्टर भरलाय."

"तुला उघडाया येतो?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"आठ वर्सं ह्यांच्यासंगं फिरले. पाना कोन देत हुतं ह्यांना?"

तिने पदर खोचला. फिल्टरचा डबा उघडला तर आत काकवीसारखा काळा गाळ, गाळणीच्या लोकरी नमद्याचा पार लगदा झालेला. तो तिने डिझेलमध्ये चोळून चोळून धुतला. टाकीच्या तळाचा बोल्ट गोरक्षने ढिला केला. आधी काळं पाणी आलं, मग शेवाळासारखे तुकडे, मग एक अर्धवट झिजलेली पांढरी गोळी. बनुबाईने ती पायाने दरीत ढकलली.

"गाळायला फडकं पायजे. सोच्छ," मनकर्णा म्हणाली.

आप्पासाहेबांनी खांद्यावरचं उपरणं काढून दिलं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, एक टोक धरून स्वतःच उभे राहिले. दुसरं टोक बनुबाईने धरलं. पाच लिटर डिझेल त्या उपरण्यातून गाळून टाकीत परत गेलं. एस.टी.तले उतारू खाली उतरून बघत होते. एकाने विचारलं, बाईच मिस्त्री आहे का. "मालकीन हाय," म्हातारदेव म्हणाला.

शेवटी हवा काढायची होती. पंपात हवा अडकली की डिझेल पुढे जात नाही. मनकर्णेने स्क्रू अर्धा फेर ढिला केला आणि हातपंप दाबू लागली. स्क्रूपाशी फेस आला, फुटला, पुन्हा आला. तिने मोजायला सुरुवात केली आणि चाळिसानंतर सोडून दिलं. गोरक्ष पुढे आला तर तिने कोपराने त्याला दूर सारलं. फेस विरळ झाला. मग एकसंध, स्वच्छ धार आली. तिने स्क्रू आवळला.

"मार."

पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा लागली, आणि एस.टी.तल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाचवं वळण गेलं, सहावं गेलं, त्यापुढे कुणी मोजली नाहीत. आवाज भरीव होता, एकसारखा. बनुबाई मोठ्याने नाथांचं नाव घेत होती आणि मध्येच दिराला रस्ता दाखवत होती. शेवटच्या चढावर समोर नुसतं आभाळ दिसायला लागलं, तेव्हा गोरक्षने दुसरा गिअर टाकला. भरल्या गाडीने घाटात दुसरा गिअर, हे आसारामच्या वेळेनंतर पहिल्यांदाच घडत होतं.

*

दत्तोपंत स्कूटरला टेकून उभे होते. धोतर, कोट, कोटाच्या खिशाला पेन. पाच वाजायला आले होते. गाडी त्यांच्यासमोर येऊन थांबली. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि धुराच्या नळीवर बोट फिरवून बघितलं.

"या आप्पासाहेब. ओढ चांगली आहे हो गाडीला. शेवटचा चढ दुसऱ्यावर घेतलात, मी पाहिलं. घाटात कुठे थांबली?"

मनकर्णा गाडीतून उतरली नव्हती. तिने हात पुसायला घेतलेलं फडकं तसंच धरून ठेवलं. आप्पासाहेब खोटं बोलत नाहीत हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं आणि तिला सगळ्यांपेक्षा जास्त.

"थांबली," आप्पासाहेब म्हणाले. "पाचव्या वळनावर, पाऊन तास. दगड लागला."

गोरक्षने इंजिन बंद केलं.

"कशाने?"

"फिल्टर चोंदला हुता."

"होतं तसं. हल्लीचं डिझेलच तसलं." दत्तोपंतांनी खिशातलं पेन काढलं. "त्यासाठी मी गाडी सोडणार नाही. ठरल्याप्रमाणे घेतो. तूर उतरवा नि आजच सोडून जा."

"घ्या. मी शब्द दिलाय, गाडी तुमालाच द्यायची," आप्पासाहेब म्हणाले. "पर पुरतं ऐकून घ्या."

"ऐकवा की."

"टाकीत एका पुन्याच्या औशदाची बाटली घातली, माझ्या भावानं. मग तीच बाटली घातली माझ्या बहिनीनं. एका टाकीला एक असं तिच्यावर लिवलंय. दोन झाल्या."

दत्तोपंतांनी पेनाचं टोपण काढता काढता हात थांबवला.

"मग आमच्या मंडळींनी डांबरगोळ्या टाकल्या. चार. एक सापडली."

"बाकीच्या तीन?"

"इरगळून आत गेल्या आसतील. बारा वर्षांचा गाळ सुटलाय, त्यातला किती पंपात गेला ठावं न्हाई. इंजिन आज पळतंय. उद्या पंप धरंल, का नोझल जातील, का दहा वर्सं काई हुनार न्हाई, ते मला सांगता यायचं न्हाई. आमचा मेव्हना फिटर हाय, त्यालाबी आलं नसतं."

दत्तोपंतांनी टोपण दाबून बसवलं आणि पेन खिशाला लावलं.

"आप्पासाहेब, राहू द्या. असली गाडी नको मला. तुम्ही सांगितलंत, उपकार झाले."

"मी देतो म्हनालो हां. तुमीच न्हाई म्हनताय."

"मीच नाही म्हणतोय."

"नाथाच्या पायरीचा शब्द हाय, म्हनून पुन्हा इचारलं."

दत्तोपंतांनी स्कूटर सुरू केली आणि ते नगरच्या रस्त्याला लागले. म्हातारदेव टपरीकडे गेला आणि पाच चहा सांगून आला.

मनकर्णा खाली उतरली. "दादा, त्यांनी थांबली का न् कशानं थांबली, एवढंच इचारलं हुतं."

"मग?"

"डांबरगोळ्यांचं कुनी इचारलं न्हवतं."

आप्पासाहेबांनी बशीत चहा ओतला. उपरणं डिझेलने भिजलेलं होतं, म्हणून त्यांनी हाताने कपाळ पुसलं. "अर्धं सांगनं मला जमत न्हाई," ते म्हणाले, आणि बशी खाली ठेवून, "पर घाटात गोरक्ष एकटा जायचा न्हाई इथनं पुढं. कुनीतरी पाना धरनारं पायजे संगं."

"मी जाईन."

"तुलाच म्हनतोय मी."

बनुबाई फुंकर मारत चहा पीत होती. "म्हंजे म्हशी परसात," ती म्हणाली.

"वैनी, परसात बांधा, दारात बांधा, माझ्या उशाला बांधा," गोरक्ष म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. दोन घोटांत त्याने चहा संपवला होता. "पर एक मान्य करा सगळ्यांनी. दुसऱ्या गिअरवर चढली, ती बाटलीनं चढली. देवराईपासनं कशी पळत हुती?"

"फिल्टर धुतल्यावर चढली," आप्पासाहेब म्हणाले.

"त्याच्याआधी चार वळनं कुनी चढवली?"

"माझ्या गोळ्यांनी," बनुबाई म्हणाली.

तिघं एकदम बोलू लागले. मनकर्णेने बोनेटवर तळहात ठेवून पाहिला, काढला, पुन्हा ठेवला.

"गाडीत बसा," ती म्हणाली. "तूर उतरवून सूर्यभानची पाळी सुटायच्या आत नागापूरला गाडी त्याला दाखवायची हाय. टाकी उद्या खाली काढून धुवायची. आन ऐका. इथनं पुढं डिझेलाशिवाय ह्या टाकीत काई जायचं न्हाई. गोरक्ष, तू घालायचं न्हाई. वैनी, तुमीबी न्हाई."

"आन तुमी, वन्सं?"

"मी घालाया लागले तर पळत येऊन माझा हात धरा."